सुमन मावशीच्या नावाचं दुसरं पान

हो, फ्लेक्स मीच उतरवला. ओरडता कायले? फाडला नाही, गुंडाळून दाराजवळ ठेवला आहे. माईक बंद नका करू भाऊ. दोन मिनिटं देल्ली होती ना मले? मंग घेऊ द्या.

बसा मंडळी. सुमन मावशीसाठी आले, काम सोडून आले, बरं केलं. एरवी मी बडबडी. नाटकं लिहिते, कोणाचंही तोंड बंद करते. आज सकाळपासून एक ओळ जुळून नाही राहिली. नुसतं रडू असतं तं रडून घेतलं असतं. रडू नाही आहे. मले तुमचा संशय येऊन राहिला आहे. माझा पण येऊन राहिला आहे.

मावशी काविळीनं गेली. सरकारी दवाखान्यात पंधरा दिवस मी तिच्या खाटेजवळ होती. डोळे हळदीसारखे झाले होते. अन् आता हे ऐका, वाचून दाखवते. "ग्राहकाच्या अमानुष अत्याचाराला बळी पडलेल्या..." कोण बळी पडलं सर? सभा तुम्ही भरवली, तुम्हीच सांगा. कावीळ झाली होती हो तिले!

हे कुठं लिहिलं आहे माहीत आहे? तुम्ही मघाशी दारावर सही केली ना, त्याच्या मागे. हजेरी समजून केली. शोकप्रस्ताव समजून केली. पान कोणी उलटवलं? मी पण आधी सही केली, मंग उलटवलं. मागे दुसरं पान टाचलं आहे. निवेदन. मंत्र्याले. पैसे देऊन बाईकडे जाणाऱ्या माणसाले जेल व्हावी, बाईले नाही, गिऱ्हाइकाले, असा कायदा करा म्हणून. खाली मावशीचं नाव, आडनाव, गल्ली. बाजूले फोटो. फ्लेक्सवर पण हेच सगळं.

सर मान हलवून राहिले. "पोरी, तुले असा कायदा नको का?"

सांगते. कॉलेजात वादविवादाले हाच विषय होता. मी कायद्याच्या बाजूनं बोलली, कप भेटला. तो कप घेऊन तशीच मावशीकडे गेली. तुमसर रोडच्या गल्लीत, जिथं चिखल्याच्या खाणीहून येणारे ट्रक थांबतात, तिथं तिची खोली. ती तांदूळ निवडत बसली होती. म्हणे, "काय बोलली थे सांग." मी सगळं भाषण म्हणून दाखवलं. हातवारे करून.

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणे, "मी पाणी कायले देतो माहीत आहे का तुले?"

तुमच्यातल्या काहीजणांले माहीत आहे. घाबरू नका, नावं घेत नाही. जो येईल त्याले ती उंबऱ्यावर उभा करायची. भर दुपारी, उजेडात. पाहुण्याले देतात तसा पाण्याचा गिलास हातात द्यायची. तो पाणी पीत असतानी ती त्याले पाहायची. तोंडाचा वास. हाताची थरथर. डोळे कुठं फिरतात ते. गिलास ढकलला तं दार बंद. "घे बाई" म्हणून नीट हातात परत देला तं आत. पोलीस नाही, कोणी नाही. एवढंच होतं तिच्याजवळ.

म्हणे, "तुया कायद्यानं थो भेला, तं उंबऱ्यावर पाणी पीत उभा राहीन का पोरी? थो म्हणन, गाडीत ये, झटकन ये. मंग मी काय पाहू?"

मी कप मांडीवर घेऊन बसली.

ओ लॉजवाले भाऊ! टाळी नका वाजवू. कायदा नको म्हणणारे तुम्ही पण जिंकले नाही. पुढचं ऐका.

नंतर एक दिवस गेली तं मावशीचा ओठ फाटलेला. त्या माणसानं पाणी नीट पेलं होतं. "घे बाई" पण म्हणला होता. अन् आत येऊन मारलं. मले म्हणे, "टाक याले जेलात. याच्यासारख्या सगळ्याईले टाक. तुवा कायदा आण, आजच आण." मी म्हणली, चाल, रिपोर्ट देऊ. तं हसली. फाटक्या ओठानं हसली. "मागं गेली होती ना. पोलिसांनी विचारलं, तू तिथं काय करून राहिली होती?"

मंग तिचं मत कोणतं धरायचं? दोन्ही तिचीच आहेत. सरांनी एक उचललं, निवेदनात टाकलं. लॉजवाले भाऊ दुसरं उचलून फिरून राहिले, बायांच्या पोटावर पाय येईन म्हणे. पोट कोणाचं हो भाऊ? खोल्या रिकाम्या पडतील तुमच्या, तसं सांगा ना.

अन् मी? मी काही गंगेत धुतलेली नाही. मावशी बोलायची अन् मी मनात नाटक लिहीत राहायची. हा फोटो पण मीच देला. सर म्हणले, हार घालाले पाहिजे. मी देऊन टाकला. काढला तेव्हा मावशी म्हणली होती, "कुठं टाकू नको बाप्पा." मी टाकला.

आज सकाळी फोन आला. मावशीचं एक माणूस आहे. पोरगी का पोरगा, बहीण का भाची, सांगणार नाही. त्या घरात मावशीचं काम कोणाले माहीत नाही. फोनवर म्हणे, "ताई, तो फ्लेक्स मोबाईलवर फिरून राहिला. घरच्यांनी पाहिला तं मले बाहेर काढतील. नाव काढा. फोटो काढा." मंग नुसतं रडणं. सगळ्यात जवळचं माणूस तिचं, अन् तेच इथं येऊ शकलं नाही. तुमच्या सभेपायी.

कोण बोललं मागून? ते माणूस कोणत्या गावचं म्हणे? पाहा. हेच म्हणून राहिली मी. कायले पाहिजे तुम्हाले गाव?

कायद्याचं बोला. खुशाल भांडा. मले अजून समजलं नाही काय बरोबर ते, अन् ज्याले फटकन समजते त्याची मले भीती वाटते. पण त्या गल्लीतली एक तरी बाई आहे का या हॉलात? बलावलं होतं का? सर म्हणतात, "त्यांना संकोच वाटला असता." त्यांना का तुम्हाले? जिवंत बाईले विचारलं तं ती दोन गोष्टी बोलते. मेलेली निवेदनापुरतीच बोलते. म्हणून घेतली ना मावशी?

दुसरं पान मी काढून घेतलं आहे. मंत्र्याले पाठवायचं तं नवीन लिहा, स्वतःच्या नावानं, स्वतःचा फोटो लावून. पहिलं पान टेबलावर आहे. तुमच्या सह्या आहेत, शोक आहे. तो राहू द्या.

आता उभे राहा. सगळे. मावशीसाठी दोन मिनिटं. मान खाली, डोळे मिटा. सर, तुम्ही पण. बोलायचं असेल ते नंतर, मौनात बोलत नाहीत.

मावशी, चुकलं माझं. रामराम.

दाराजवळ चपलांचा आवाज होईन. फ्लेक्स अन् ते पान घेऊन मी निघून राहिली. डोळे उघडू नका.