घर नंबर काहून पाहिजे

सरकारी घरकुल वसाहतीकडे निघालेल्या शेअर ऑटोत कामिनी मांडीवर पुस्तकांची पिशवी घेऊन बसली होती. तिथल्या लहानग्यांना वाचून दाखवायचा तिचा आज पहिलाच दिवस. शेजारच्या दोघींचं बोलणं चाललं होतं.

“पुस्तक फुकट देतात, मंग घर नंबर काहून लिहून घेतात वं?”

“सर्वे असन. भाडेकरू सापडला का घर खाली करून घेतात.”

“म्हणून मी पोरीचं नाव मालकाच्या नातीचं सांगितलं. काजल.”

“बरं केलं.”

“काय बरं? पुस्तकवाल्या बाईनं पुस्तकावर तेच लिहून देल्लं. काल पोरीनं पहिल्यांदा वाचलं, काजल. आता धनश्री म्हटलं तं ओ देत नाही.”

दुसरीनं पिशवीकडे पाहिलं.

“ताई, तुमी घरकुलातच उतरता?”

“नाही,” कामिनी म्हणाली, “मी पुढच्या चौकात.”