लाल रंग लावलेला गोळा

राजूर पोलीस ठाणे, ता. अकोले, जि. अहिल्यानगर
दि. १८/११/२०२५, सकाळी ११.२० वाजता

जबाब देणार: फक्रुद्दीन चाँद मणियार, वय ६१ वर्षे, धंदा मोटार गॅरेज, रा. बाजारतळाजवळ, राजूर. शिक्षण सातवी. मराठी लिहिता-वाचता येते.

काल फोनवरून बोलावणे आले म्हणून आज मी स्वतः ठाण्यात आलो आहे. हवालदार ज्योती गभाले यांनी विचारले ते, आणि न विचारलेले पण सांगायला हवे ते, त्यांच्यासमोर सांगतो की,

मी गेली एकोणचाळीस वर्षे जीपगाड्या दुरुस्त करतो. या भागातल्या वाड्यावस्त्यांवर माणसे नेणाऱ्या बहुतेक जीपा माझ्या हाताखालून गेल्या आहेत. आत चौदा माणसे, टपावर पोती आणि मागे लोंबकळणारे तिघे घेऊन त्या रोज घाट चढतात आणि संध्याकाळी परत येतात. त्यांच्या मालकांना 'ऑफरोडिंग' हा शब्द माहीत नाही. रस्ताच नसल्यामुळे ते तसे जातात.

दि. १५/११/२०२५ रोजी, शनिवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास कोदणवाडीच्या नाल्यात कारभारी लहानू भांगरे, वय ४७, यास लोखंडी गोळा लागून त्याचा उजवा पाय गेला. तो सध्या नाशिक येथे दवाखान्यात आहे. याबाबत करण सबनीस, रा. पुणे, यांनी लिहून दिले आहे की, एक, गाडी मी तपासून पास केली होती. आणि दोन, कारभारी मनाई असताना आपणहून मध्ये आला. हे मला ज्योतीताईंनी वाचून दाखवले. दुसऱ्या गोष्टीचे मी आधी सांगतो. पहिलीचे शेवटी सांगतो, कारण ते सांगायला मला जड जाते.

करण सबनीस हे 'चिखलवीर' नावाच्या ग्रुपचे प्रमुख आहेत. हे नाव त्यांनीच ठेवले आहे, मी नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याहून दहा-पंधरा गाड्या येतात, डोंगरातल्या वाटेने जातात, अडकतात, निघतात आणि त्याचे व्हिडिओ करून परत जातात. निघण्यापूर्वी गाड्या तपासायला व सोबत राहायला मला बोलावतात. शनिवारी चौदा गाड्या होत्या. वाट दाखवायला माणूस हवा होता. कारभारीला मीच सांगितले. त्याची भाताची सोंगणी चालू होती, तरी माझ्या शब्दाखातर तो आला.

तपासणी सकाळी सात ते पावणेनऊ या वेळात, ते लोक उतरले होते त्या रिसॉर्टच्या आवारात केली. अशा वाटेवर जाणाऱ्या गाडीला काय लागते ते मी सांगतो, म्हणजे नोंद राहील. पुढच्या व मागच्या अशा दोन्ही बाजूंना ओढायचा हुक लागतो आणि तो चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बोल्टने बसवलेला लागतो. बॅटरी पट्टीने आवळलेली लागते. लो गिअर पडतो का ते बघावे लागते. जादा चाकात हवा लागते. गाडीतले सामान बांधलेले लागते, नाहीतर गाडी कलली की पाण्याचा जार डोक्यात बसतो. आग विझवायचे सिलिंडर हाताशी लागते. यात समजायला अवघड असे काही नाही.

मी पाहिले ते असे. टपावर चढायला शिड्या होत्या, पण टपावर कोणी चढलेले नव्हते. एका गाडीला पुढे बारा दिवे होते आणि ब्रेकचा दिवा लागत नव्हता. पाण्यातून जायचे नळकांडे पाच गाड्यांना होते, त्यातल्या एकाचे खालचे टोक कशालाच जोडलेले नव्हते, नुसते बाहेरून चिकटवलेले. मालकाला विचारले तर म्हणाले, "लूकसाठी आहे." जॅक एकाचा सीटखाली होता, त्यावर शीतपेटी, त्यावर खुर्च्या, त्यावर कुत्रा. पाने प्लॅस्टिकच्या वेष्टनात जसेच्या तसे. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो मी त्या दिवशी चौदा वेळा बॉनेट उघडून पाहिला. नाही, तेरा वेळा. सिमरन नावाच्या एक बाई एकट्या आलेल्या होत्या, त्यांची गाडी जुनी, पत्रा चेपलेला, पण सगळे जागच्या जागी होते. त्यांना मी काही सांगावे असे नव्हते.

करण यांची गाडी पांढरी, नवीन. तिच्या मागे एक चकचकीत लोखंडी गोळा होता. असा गोळा मागे छोटी ट्रॉली जोडून सपाट रस्त्याने न्यायला असतो. अडकलेली गाडी ओढायला नसतो. त्यातून हा ऑनलाईन मागवलेला, आणि बंपरच्या पत्र्याला दोन बारीक बोल्टवर बसवलेला. माझ्या गॅरेजची पद्धत अशी आहे की ओढायला चालेल त्या हुकाला पिवळा रंग मारायचा आणि चालणार नाही त्याला लाल रंग. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळते. मी गोळ्याला लाल रंग लावला आणि करण यांना सांगितले की हा काढून ठेवा, मगच गाडी पास.

पावणेनऊला सर्वांचा फोटो निघाला. त्या वेळी करण यांनी फडक्याला पेट्रोल लावून गोळ्यावरचा लाल रंग पुसून काढला. मी विचारले, हे काय करता. ते म्हणाले, "चाचा, पांढऱ्या गाडीवर लाल डाग खूप ऑड दिसतो. कव्हर फोटो आहे. तुमचा मुद्दा मला कळला, डोन्ट वरी." एकसष्ट वर्षांच्या माझ्या आयुष्यात जीव वाचवायची खूण फोटोत वाईट दिसते म्हणून पुसणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आमच्याकडच्या अडाण्यातल्या अडाणी ड्रायव्हरला हे सुचले नसते.

नऊ वाजून दहा मिनिटांनी निघालो. गाड्यांनी एकमेकींत अंतर ठेवायचे आणि मागची गाडी आरशात दिसली नाही तर थांबायचे, असे ठरले होते. अर्ध्या तासात पुढच्या चार गाड्या कुठे गेल्या ते मागच्यांना कळेना. कारभारी पायी पळत जाऊन त्यांना परत वाटेवर आणत होता. तो मला म्हणाला, "मिस्तरी, ह्यांच्या परास आमची म्हसरं बरी, एका हाकंला गोळा हुत्यात." मी शेवटच्या, म्हणजे सिमरन यांच्या गाडीत होतो.

साडेबाराच्या सुमारास नाल्यात नऊ नंबरची हिरवी गाडी चिखलात बसली. पाणी फार नव्हते, पण पावसाळ्यातला गाळ तळाशी ओला होता. कारभारीने नाल्यावर पोचताच सांगितले होते की डावीकडून खडकावरून घ्या. ते त्यांनी ऐकले नाही, कारण उजवीकडे चिखल उडतो. नाचता येईना अंगण वाकडे, तशी हिरव्या गाडीच्या मालकांनी कारभारीच्या वाटेलाच नावे ठेवायला सुरुवात केली.

त्या वेळी मी मागे एका चाकाचा वॉल्व बसवत होतो. तो बसवून नाल्याच्या काठावर आलो तेव्हा पाहिले की करण यांची पांढरी गाडी पलीकडच्या काठावर, हिरव्या गाडीकडे पाठ करून उभी आहे. हिरव्या गाडीच्या पुढच्या हुकाला गाडी ओढायचा पट्टा लावला आहे, त्या हुकाला माझा पिवळा रंग होता. आणि पट्ट्याचे दुसरे टोक पांढऱ्या गाडीच्या गोळ्यावर अडकवले आहे. तिच्या चासीला चांगला हुक होता, त्यालाही पिवळा रंग होता. पण तो खाली आहे, त्यासाठी गुडघ्यावर बसावे लागते.

हा पट्टा ताणला जाऊन मग झटका देतो. टोकाचे लोखंड सुटले तर गोफणीतल्या दगडासारखे येते. म्हणून पट्टा जेवढा लांब त्याच्या दीडपट लांब माणसे उभी करतात, आणि तीही बाजूला. पट्ट्याच्या मध्यावर ओले गोणपाट टाकतात, म्हणजे काही तुटले तरी जोर खाली बसतो. गोणपाट मी सकाळी भिजवून पांढऱ्या गाडीत ठेवले होते. ते बाहेर काढून झाडाखाली टाकलेले होते. नंतर मला कळले की त्याचा वास येत होता.

कारभारी हिरव्या गाडीच्या बॉनेटजवळ, पट्ट्याच्या सरळ रेषेत उभा होता. त्याच्या हातात करण यांचा मोबाईल होता. करण खिडकीतून मान बाहेर काढून त्याला हाताने खूण करत होते, "अजून मध्ये, अजून थोडं मध्ये. माझी गाडी बरोबर समोर यायला पाहिजे." कारभारीने मला पाहिले आणि म्हणाला, "मिस्तरी, ह्ये दाबलं का चालू व्हतंय न्हवं? सायेब म्हनत्यात हितंच ऱ्हा." हे शब्द मी माझ्या कानाने ऐकले आहेत.

मी ओरडलो, "पट्टा गोळ्यावरून काढा, कारभारी बाजूला हो." करण म्हणाले, "चाचा, रेकॉर्डिंग चालू आहे, मध्ये आवाज नको." आणि गाडी पुढे दामटली.

माझ्यात आणि कारभारीत चाळीस पावले होती. मी पळत गेलो नाही. मी जागेवर उभा राहून पुन्हा ओरडलो, कारण मला वाटले ऐकतील. सकाळपासून त्यांनी माझे एकही ऐकलेले नव्हते, तरी मला असे का वाटले ते सांगता येत नाही.

दोन्ही बोल्ट पत्रा फाडून निघाले. गोळा पट्ट्यासकट आला आणि कारभारीच्या उजव्या गुडघ्यावर बसला. तो खाली पडला तेव्हाही त्याने मोबाईल वर धरलेला होता, पाण्यात पडू नये म्हणून. नंतर तो हातातून सुटला. सिमरन यांनी स्वतःचा कमरेचा पट्टा काढून त्याच्या मांडीला आवळला. ग्रुपच्या प्रथमोपचार पेटीत उन्हाचे मलम, उलटीच्या गोळ्या आणि ग्रुपच्या नावाचे स्टिकर होते. सिमरन यांच्याच गाडीतून आम्ही त्याला राजूरला आणले, तिथून नाशिकला नेले. करण दवाखान्यात आले नाहीत. मोबाईल सिमरन यांनी चिखलातून उचलून माझ्यासमोर करण यांच्या हातात दिला. तो ताब्यात घ्यावा. त्यात त्यांचा आवाज आहे आणि माझाही आहे.

रविवारी डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वरून काढला. सोमवारी सकाळी कारभारीची बायको लंकाबाई हिचा मला फोन आला. ती म्हणाली, "मिस्तरी, पुन्याचं सायेब लिवून गेलं का ह्ये आपनहून मदी गेलं. तुमी तितं हुता ना? ह्ये सांगत्यात मला उभं केलं. पर ह्यांचं कोन ऐकनार? तुमचं ऐकत्याल." मी तिला म्हणालो, बघतो. या शब्दाची मला लाज वाटते.

बघतो म्हणालो, कारण त्याच्या तासभर आधी मला करण सबनीस यांचा फोन येऊन गेला होता. ते म्हणाले, "चाचा, तपासणीच्या शीटवर तुमची सही आहे. सगळ्या कॉलमला टिक आहे. तुम्ही एवढंच सांगा की गाडी ओके होती आणि तो माणूस मध्ये आला. मग तुम्ही पण सेफ, मी पण सेफ. नाहीतर पहिलं नाव तुमचंच येईल." हा फोन सकाळी ८.०५ वाजता आला, मोबाईलमध्ये त्याची नोंद आहे, ती दाखवली आहे.

आता कागदाचे सांगतो. शीटवरची सही माझी आहे. खोटी नाही, कोणी जबरदस्तीने घेतलेली नाही. सकाळी सात वाजता करण यांनी चौदा कोरे कागद समोर ठेवले आणि म्हणाले, चाचा, आधी खाली सह्या करून टाका, तुम्ही गाडी बघत बोलत जा, मी टिक करत जातो, नाश्ता थंड होतोय. मी एकही गाडी बघण्याआधी चौदा सह्या केल्या. पांढऱ्या गाडीला मी तोंडाने नापास म्हणालो, ते ऐकणारे आणि लिहिणारे एकच होते. शीतपेटीखाली जॅक ठेवणाऱ्यांना मी दिवसभर मनात हसत होतो. त्यांच्यातला कोणी कोऱ्या कागदावर सही करणारा नव्हता. ते काम त्यांनी मला दिले होते आणि मी ते नीट केले.

इथे ज्योतीताईंनी लिहिणे थांबवून विचारले, "चाचा, हे ठेवू का? यात तुम्ही पण येता. घरी विचारून या पाहिजे तर." मी म्हणालो, ठेवा. मी माझी सही लपवली तर पुढे ती शीट बघून कोणी म्हणेल, याचे अर्धे खोटे तर बाकीचे खरे कशावरून. तेवढ्यावर कारभारीचे सगळे जाईल. त्याला मी सोंगणीतून बोलावले होते. तो मध्ये आलेला नाही, त्याला उभा केला. ज्याने उभा केला त्याचे नाव मी सांगितले आहे. ज्याच्या कोऱ्या सहीवर तो उभा करता आला, त्याचे नाव वर वय-धंद्यासह लिहिलेले आहे.

हा जबाब ज्योतीताईंनी मला सावकाश वाचून दाखवला. नंतर मी कागद मागून घेऊन चष्मा लावून स्वतः वाचला. मी बोललो तसाच तो आहे. कुठे जागा कोरी राहिलेली नाही हे पाहिले, आणि त्यानंतर खाली सही केली.

सही: फ. चाँ. मणियार
समक्ष: ज्योती गभाले, हवालदार