रेखा सगळे व्हिडिओ बघते

मी जन्मले दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, घरात मराठी आणि जिना उतरला की हिंदी, आणि आई म्हणायची या मुलीच्या पायाला भिंगरी आहे, ती अजून आहे बघा, आता तुमच्याशी बोलतेय तरी तिसऱ्यांदा उठले. लग्न होऊन नोएडाला आले तेव्हा सेक्टर नवे, रस्ते अर्धे मातीचे आणि कॉम्प्युटर क्लास मात्र जागोजागी, तिथे मी अकाउंट्स शिकवायला लागले. काय सांगू तुम्हाला, पोरांच्या नुसत्या भुवया बघून कळायचं, याला ओ की ठो कळलेलं नाही, मग परत फळ्याकडे वळायचं.

मग आलं ऑनलाइन. सगळ्यांचे कॅमेरे बंद, नुसती नावं. क्लासच्या ऑफिसने सांगितलं, ज्याचे व्हिडिओ बघायचे राहिले त्याचं नाव यादीत लाल, ज्याने बघितले त्याचं हिरवं, लालवाल्याला फोन करा, जोश द्या, हिरव्यांना सोडा. मी दिवसभर लालवाल्यांच्या मागे, अरे यार छोडना नहीं, चलो, कल से पक्का.

रेखा गाझियाबादची, चाळिशीची. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याच्या फॅक्टरीचे मालक हिला म्हणाले होते कोर्स पास हो, ऑफिसात बसवतो, आणि परीक्षेच्या संधी दोनच. ही कायम हिरवी. मी एकदाही फोन केला नाही, उलट ग्रुपवर कौतुक केलं, रेखाकडून शिका, सगळे व्हिडिओ बघते.

पहिल्या परीक्षेत तिने कोरा पेपर दिला. फोन केला तर म्हणाली, मॅडम, तिसऱ्या धड्यापासूनच काही कळत नव्हतं, व्हिडिओ लावून मी रोट्या करायचे. अगं मग विचारायचं ना. तर म्हणते, तुम्ही सगळ्यांसमोर तारीफ केलीत, मग कसं विचारू. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की मी फोन धरून नुसती फेऱ्या मारत राहिले.

तेव्हापासून ग्रुपवर कौतुक आणि शाबासकीचे अंगठे बंद. दर शनिवारी प्रत्येकाने एकच लिहायचं, काय कळलं नाही. पहिल्या शनिवारी कुणीच लिहिलं नाही, मग मीच लिहिलं, मला नवे टॅक्सचे नियम कळत नाहीत, बिल्कुल नाही. दुसरा मेसेज रेखाचा आला. मग रोज अर्धा तास आम्ही दोघी फोनवर, तिसऱ्या धड्यापासून.

आज तिचा दुसरा पेपर आहे, आत्ता, या क्षणाला चालू आहे. लोक म्हणतात, तुम्ही तुमचं केलंत, आता शांत बसा. कशी बसू? सकाळी तिचा फोन आला, मॅडम, आज नापास झाले तर माझ्या न शिकण्यामुळे, तुमच्यामुळे नाही. देव तिचं भलं करो, पण तेवढं मला पटत नाही.