थांबायचं कधी ते सांगायला हवं

आमच्या भावजींचा कॉम्प्युटर आठवला की मला अजून हसू येतं. बेळगावच्या कॉलेजात त्यांना एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्या कॉम्प्युटरची नक्कल करवून घ्यायची होती. चालू करतानाच मेमरी किती, डिस्क कुठली, सगळं एका ओळीत लिहायचं, आणि काम झालं की मशीन आपोआप थांबायला हवं. दोनदा ते मशीन थांबलंच नाही. तिसऱ्यांदा चुकलं तर नापास!

घरी ते ती ओळ घोकत होते आणि मी माझ्या लेकीला, शालूला, खेळायला सोडत होते. "चप्पल घाल, रस्त्यावर जाऊ नको, दिवे लागायच्या आत ये."

भावजी ताडकन उठले. "वैनी, थांबायचं कधी तेच मी लिहीत न्हाय की हो!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कुंद्याची मिठाई घेऊन आले. "तुमच्यागत सांगितलं, वेळेवर थांबलं बघा!"

मी दारातच उभी होते. म्हटलं, "मग शालूला पण तुम्हीच लिहून द्या. दिवे लागले, अजून पत्ता न्हाय तिचा!"