शेवग्याचं नाव काढायचं नाही

मंडळी, एक सांगा — माणूस देवाला विसरतो, उसनी आणलेली छत्री विसरतो, समजू शकतो. पण स्वतःचंच नाव विसरला, तर त्यानं जावं कोणाकडे? बोला की! बरं, ऐका.

चिंचणगावात दत्तोपंत आगाशे वधू-वर मंडळ चालवायचे. चारशे बारा मुलामुलींची माहिती कॉम्प्युटरच्या डेटाबेसमध्ये — उंची, शिक्षण, चष्मा, सगळं! उद्या मेळावा. पंत खातं उघडायला बसले. इतकी वर्षं नाव कॉम्प्युटरच आपोआप भरायचा; पण आज कॉम्प्युटर नवा! पासवर्ड? तोंडपाठ! पण युजरनेम — साफ पुसलेलं!

टाकलं 'दत्तोपंत'. यंत्र म्हणालं, "या नावाचे कोणी अस्तित्वात नाही."

टाकलं 'समाजभूषण'. "अस्तित्वात नाही."

अहो, एवढं कळायला ऋषींना हिमालयात बारा वर्षं बसावं लागायचं! यांना पाच मिनिटांत कळलं — तर चिडले!

पत्नी सुमतीबाई म्हणाल्या, "खाली 'नाव विसरलात?' असं लिहिलंय, ते दाबा ना!"

दाबलं. "नाव आपल्या ईमेलवर पाठवले आहे." ईमेल कोणाचा? शेजारच्या वामनराव परचुऱ्यांचा! खातं काढलं तेव्हा पंतांकडे ईमेलच नव्हता, दिला शेजाऱ्याचा. हसू नका — तुमच्या फॉर्मवर कोणाचा आहे ते ठाऊक आहे मला!

पण पुढे दोघांचं भांडण झालं. कशावरून? शेवग्यावरून! झाड वामनरावांचं, फांदी पंतांच्या अंगणात — शेंगा कोणाच्या? सहा वर्षं अबोला! पंतांच्या घरात शेवग्याचं नाव काढायला बंदी. सुमतीबाई बाजारात म्हणायच्या, "ती... लांब, हिरवी... द्या हो."

"मी नाही जाणार त्याच्याकडे!" — पंत.

"मग उद्या चारशे बारा जणांना काय सांगणार? आपापसांत निवडून घ्या?" — सुमतीबाई.

गेले बिचारे. "वामन... माझं नाव तुझ्याकडे आलंय."

वामनरावांनी चष्मा लावला, मेल उघडला, वाचला — आणि स्क्रीनच पंतांकडे वळवली! 'आपले युजरनेम: शेवगा.'

खातं काढलं त्या दिवशी दोघांनी त्याच झाडाच्या शेंगांची आमटी ओरपली होती! अहो, जो शब्द घरात उच्चारायचाच नाही, तो आठवणार कसा?

पंत निघाले पळत. वामनराव म्हणाले, "थांब. आधी जेव. आमटी आहे."

"कशाची?"

"तुझ्या नावाची!"

मेळावा झोकात झाला. पण मंडळी, तुमच्या घरात कोणता शब्द बंद आहे? कोणाचं नाव काढलं की ताटं आपटतात? तुमचं खातं तिथंच अडकलंय! आणि हो — मागच्या खांबाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक बसलेले दोघे भाऊ — खांब बारीक आहे, मला इथून दोघेही दिसताय! सरका जवळ. हं... वाजवा टाळ!