बाबांच्या मांडीवर चाळीस शर्ट

हॅलो?… हो, बोल चिऊ… अगं मी वहिनी. दादाचा फोन माझ्याकडे आहे, तो गाडी चालवतोय.

हो. आम्हीच होतो ते. मी हात केला ना तुला… टाटा नाही गं केला! 'आलोच' असा हात केला. लांबून सारखाच दिसतो.

नाही, तुला बघून वेग नाही वाढवला. साठ म्हणजे साठ. गॅरेजच्या मिस्त्रींनी सांगितलंय.

हो, हो… अगं ऐक ना. तुझं कपाट फुटपाथवर आहे, बघितलं मी. फ्रिजही बघितला. कुलूप घेऊन उभे होते ते घरमालक ना?… आणि तो ट्रक?… नव्या भाडेकरूंचा होय! मला वाटलं, चिडून दुसरी गाडी मागवलीस.

अकराला किल्ली द्यायचीय, माहितीये. आत्ता पावणेअकरा. पंधरा मिनिटं आहेत.

सांगते, सांगते. व्हॅनला खाली एक फिल्टर असतो. धुरातली काजळी त्यात साठते. फार साठली की गाडी आपली आपणच ती जाळते, पण त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं सलग पळावं लागतं, चांगलं तापावं लागतं. मधेच इंजिन बंद केलं की सगळं अर्धवट. आणि आपली गाडी करते काय? इस्त्रीचे कपडे पोचवते. या दारातून त्या दारात. आणि दर दारात… बरोबर ओळखलंस. बाबा.

अगं, चौतीस वर्षं लोकांचे विजेचे मीटर वाचलेला माणूस तो. काही चालू राहिलेलं त्यांना बघवतच नाही. दादा कपडे द्यायला उतरला, की यांनी किल्ली फिरवलीच. आठवड्यात चार वेळा काजळी जळायला लागली, चारही वेळा बाबांनी विझवली. वर संध्याकाळी चहा पिताना सांगायचे, आज बरंच डिझेल वाचवलं.

आज सकाळी स्टिअरिंगसमोर फिल्टरचा दिवा लागला, नारिंगी. मिस्त्री म्हणाले, ही शेवटची संधी. आता थांबलात तर गाडी तिसाच्या वर जायची नाही आणि फिल्टर उघडायला आठ दिवस गॅरेजात. म्हणजे आठ दिवस आमची लाँड्री बंद आणि तुझा संसार फुटपाथवर… ओरडू नकोस. म्हणून तर थांबत नाहीये!

सतरा मिनिटं झाली. मोठ्या रस्त्यावर चकरा मारतोय… आता तुझं घर त्याच रस्त्यावर आहे, त्याला आम्ही काय करणार?

बाबा ना? मधल्या सीटवर आहेत. मांडीवर चाळीस शर्ट दिलेत, हॉटेलातल्या वेटरांचे, पांढरे. म्हटलं, मागे चिऊच्या कपाटाला जागा केलीय, तुम्ही हे दोन्ही हातांनी धरा, एक जरी चुरगळला तरी हॉटेलवाले परत पाठवतील… मुद्दामच दिलेत गं. किल्लीपासून वीतभर अंतरावर बसलेत ते.

थांब, सिग्नल… लाल झाला. अरे, चालू ठेव, चालू ठेव… बाबा! तो हात शर्टांखालून का बाहेर आला?… चिऊ, एक मिनिट हं… बाबा, हात!… रुमाल काढत होते म्हणे. रुमाल डाव्या खिशात असतो त्यांचा… सुटला सिग्नल. सुटलो.

रडतेस? अगं वेडाबाई… बरं, घरमालकांना फोन दे. दे तर… नमस्कार. हो, ती पांढरी व्हॅन आमचीच… नाही, ब्रेक व्यवस्थित आहेत. थांबता येतं, पण थांबत नाही आहोत… आत्ता पुन्हा तुमच्या समोरूनच जाऊ. तेव्हा कृपया हात आडवा करून रस्त्यात उभे राहू नका. चिऊला द्या फोन.

चिऊ, आलो बघ, उजवीकडे… दिसलो ना? बाबाही हात करणार होते, मी नको म्हटलं.

आता काय झालं?… तुला नाही, दादाला विचारतेय. काय म्हणालास?… विझला? नीट बघ. ऊन पडलंय त्याच्यावर… चिऊ! दिवा गेला! गेला गं, गेला एकदाचा!… अय्या, मला का रडू येतंय? काजळीच तर होती.

हो, वळलो. पुढच्या चौकातूनच वळलो… दिसतेस. हो हो, फ्रिजशेजारी. अकराला चार कमी. घरमालकांना म्हणावं, लावा आता खुशाल कुलूप.

थांबली गाडी. बाबा, द्या ते शर्ट इकडे. आणि आता करा इंजिन बंद… हो, तुम्हीच. आजचा मान तुमचा.

… चिऊ, ठेवू नकोस, ऐक ना. बाबा नाही म्हणतायत. 'दोन मिनिटं चालू राहू दे, तापलंय ते.'… बाबाच म्हणाले. आपलेच बाबा… अगं शपथ! दादा नुसता बघत बसलाय त्यांच्याकडे.

उतरले. तुला भेटायलाच येतायत… नाही, तुला ओलांडून गेले. कुठे निघाले गं ते तरातरा?… तुमच्या जिन्यातला दिवा चालू राहिलाय?

जाऊ दे. तो करू दे बंद. ठेवते.