राहून गेलेला धक्का

हितेश : सोमवारी दहाला लॅबची वीज गेली, गणितं करणारं मशीन बंद पडलं. एवढं सांगायला तू पनवेलहून इथे गावात आलीस?

अल्फिया : नाही. नंतर मी गणित नव्यानं लावलं. तुझ्या जुन्या फाइलीशिवाय.

हितेश : माझ्या फाइलीनं तुझं काय घोडं मारलं होतं?

अल्फिया : रिसर्च पेपरात तूच लिहिलंयस, या पदार्थात इलेक्ट्रॉन आपणहून एका दिशेच्या पट्ट्यांत लागतात. मला नाही लागलेले दिसले. उभी-आडवी, दोन्ही दिशा सारख्याच. तीनदा केलं.

हितेश : सुरुवातीला एका दिशेनं बारीक धक्का द्यावा लागतो, बाई. नाहीतर गणित मधेच अडकतं.

अल्फिया : द्यायचा आणि मग काढून घ्यायचा. तुझ्या फाइलीत तो शेवटपर्यंत आहे.

हितेश : ...तेव्हा रोज लोडशेडिंग. वीज आली की मी त्याच फाइलीवरून पुढे चालू करायचो.

अल्फिया : म्हणजे दरवेळी धक्का पुन्हा चालू. ते आपणहून लागलेच नाहीत, हितेश. आपण ढकलत होतो. पेपरावर माझंही नाव आहे.

तुळशीराम : (दारातून) अरे हितेश, मंडपवाला आलाय. अल्फिया हाय का? बस पोरी. शनवारी सत्काराला अब्बांना घेऊन ये हा. आमच्या घरातला पयला पोरगा जर्मनीला चाललाय! नाक्यावरचा बॅनर बघितलास ना?

अल्फिया : बघितला, काका. फोटो छान आलाय.

तुळशीराम : फोटोत तरी हसला! घरात नाय हसत.

हितेश : बाबा, आलोच. तुम्ही व्हा पुढे.

अल्फिया : जर्मनीतल्या सरांना तू सांग. जायच्या आधी.

हितेश : पोचल्यावर सांगतो.

अल्फिया : याच पेपरावर त्यांनी तुला घेतलंय. तिथे हेच पुढे न्यायचंय तुला.

हितेश : तू थोड्याच अणूंच्या छोट्या जाळीवर केलंस. छोट्या जाळीवर पट्टे दिसत नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे.

अल्फिया : म्हणून मोठी लावलीय. धक्का काढून. लॅबमधली मुबीना मशीनवर लक्ष ठेवून बसलीय.

हितेश : मग तोवर थांब ना. कदाचित लागतीलही.

अल्फिया : लागले तर मलाच सगळ्यांत बरं वाटेल.

हितेश : आत्ता काय दिसतंय?

अल्फिया : मघाशी तिचा मेसेज आला. अर्ध्यावर आलंय. दोन्ही दिशा अजून सारख्याच आहेत.